एचआयव्हीसोबत वाढणाऱ्या पोरांच्या गोळ्या सुटू नयेत म्हणून: नवीन कार्यकर्त्यांसाठी आणि घरच्यांसाठी

तुम्ही नुकतेच एखाद्या संस्थेत फील्डवर लागला असाल, किंवा बहीण-भाऊजी गेले आणि त्यांचं लेकरू आता तुमच्या घरी वाढतंय, किंवा वसतिगृहावर वॉर्डन म्हणून एका पॉझिटिव्ह मुलाची जबाबदारी अचानक अंगावर आलीय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी मराठवाड्यात बरीच वर्षं हेच काम करतेय. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातनं मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, सुरुवातीला देशात फक्त आठ दवाखान्यांत, त्यात मुंबईचं जेजे होतं. त्याआधीची किती लेकरं हाताशी लागली नाहीत ते जुन्या लोकांना विचारा. आज जी जन्मापासून पॉझिटिव्ह असलेली पोरं दहावी-बारावीला बसतायत ती या गोळ्यांमुळे बसतायत, आणि तरीही तेरा-चौदा वर्षांची झाली की हीच पोरं गोळ्या सोडायला लागतात. सगळी नाही, पण इतकी की या गोळ्या देणाऱ्या कुठल्याही एआरटी सेंटरवरच्या काउन्सेलर मॅडमला विचारलं तर त्या आधी याच वयाबद्दल बोलतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. गोळी चुकली की मागे काहीतरी असतंच, आणि ते काय आहे हे पोरगं सोडून दुसरं कुणी सांगू शकत नाही. म्हणून त्याला तुमच्यासमोर खरं बोलायची भीती वाटू नये हे तुमचं पहिलं काम, गोळ्या मोजायचं काम नंतरचं.

पहिलं: भेटायला जायच्या आधी

घरी जाणार असाल तर संस्थेचं नाव छापलेली बॅग, जॅकेट, गाडी काहीही नेऊ नका. गावात एकदा "त्यांच्याकडे ते एड्सवाले येतात" असं झालं की त्या घराचं पाणी भरणं सुद्धा अवघड होतं. फोनवर आधी विचारा, कुठं भेटायचं ते त्यांना ठरवू द्या, बऱ्याच वेळा बसस्टँड बरं पडतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यात स्पष्ट आहे की त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याचं स्टेटस, म्हणजे त्याला एचआयव्ही आहे हे, कुणाला सांगता येत नाही, शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. तुम्ही चांगल्या मनाने शाळेतल्या सरांना सांगितलं तरी ते चूकच. लातूर जिल्ह्यात हासेगावला २००९ मध्ये पॉझिटिव्ह मुलं वर्गात बसतात म्हणून गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेतनं काढली होती, ते विसरायसारखं नाही.

याच कायद्यात अजून एक तरतूद आहे जी फार कमी लोकांना माहितीये. आई-वडील नाहीत किंवा अंथरुणाला आहेत आणि घर बारा ते अठरा वयातलं मोठं भावंड चालवतंय, त्याला तेवढी समज आहे, तर ते धाकट्याचं पालक म्हणून शाळा प्रवेश, बँक, उपचार अशा गोष्टींसाठी चालू शकतं. पंधरा वर्षांची ताई धाकट्याला घेऊन सेंटरवर येते आणि तिला "मोठं कुणी आण" म्हणून परत पाठवतात, तेव्हा हे तोंडपाठ असलेलं बरं.

सेंटरवर पांढरं कार्ड असतं आणि पेशंटकडे हिरवं पुस्तक. पहिल्या भेटीत ते हिरवं पुस्तक शांतपणे वाचा: कुठली गोळी, कधीपासून, ड्यू डेट (गोळ्या न्यायला यायची तारीख) किती वेळा चुकली, वजन वाढतंय का, शेवटचा व्हायरल लोड (रक्तात जंतू किती आहेत त्याची तपासणी) कधी आणि किती. चुकलेल्या ड्यू डेट बऱ्याचदा ठरावीक महिन्यात येतात, परीक्षा, दिवाळीत मामाच्या गावाला जाणं, ऊसतोड. ते बघूनच निम्मं कळतं.

दुसरं: त्याला माहितीये का?

हा प्रश्न पोरासमोर कधीही विचारायचा नाही, आधी घरच्यांना बाजूला घेऊन. खूप घरांत लेकराला "रक्त कमी आहे म्हणून गोळी", "दम्याची गोळी", "ताकदीची गोळी" असं सांगितलेलं असतं, आणि आठ वर्षांचं असताना ते चालून जातं, पण तेरा वर्षांचं पोरगं मोबाईलवर डबीवरचं नाव टाकतं आणि दोन मिनिटांत सगळं वाचतं. मग त्याला दोन गोष्टी एकदम कळतात, आपल्याला काय आहे ते आणि घरचे इतकी वर्षं खोटं बोलले ते. दुसरी गोष्ट जास्त लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच म्हटलंय की शाळेच्या वयातल्या मुलांना त्यांचं स्टेटस सांगावं, हळूहळू, समज बघून.

म्हणजे करायचं कसं, तर टप्प्याटप्प्याने. सहा-सात वर्षांच्याला: तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी घेतली की तो झोपतो, नाही घेतली की उठतो. नऊ-दहाच्याला: तो जंतू शरीरातल्या सैनिकांवर हल्ला करतो, सैनिक कमी झाले की आजार येतात. अकरा-बाराला जंतूचं नाव. सांगायचं घरच्यांनी, तुम्ही शेजारी बसायचं, काउन्सेलर मॅडमना आधी कळवून ठेवायचं. आणि सांगितल्यावर पोरगं गप्प बसेल, बहुतेक बसतातच, तेव्हा लगेच समजावत सुटू नका, आठवड्याने परत भेटा, खरे प्रश्न तेव्हा येतात. "आईमुळे झालं का?" हा येतोच. त्याचं उत्तर आईला किंवा आजीला आधी तयार करून द्या, कारण त्या प्रश्नाला आई रडायला लागली की पोरगं पुन्हा कधीच काही विचारत नाही.

तिसरं: गोळीचं गणित पोराला द्या

बहुतेक मोठ्या मुलांना आता टीएलडी असते, ३० किलोच्या वर वजन असलेल्यांना, एकाच गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम. दिवसातनं एक. सेंटरवर ९५ टक्क्यांच्या वर घेतली तर चांगलं धरतात. आता हे टक्के पोराला सांगून काही होत नाही, त्याच्यासमोर तीस गोळ्यांचा हिशोब मांडा: एक चुकली तर २९, म्हणजे साधारण ९७ टक्के, पास. दोन चुकल्या तर २८, ९३ टक्के, नापास. मी हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर त्यांनाच करायला लावते आणि दोनदा चुकलं की संपलं हे बघून पोरं खरंच चमकतात, त्यांना वाटत असतं महिन्यात चार-पाच तर चालत असतील.

मग कारण सांगा. रक्तात औषधाची पातळी खाली गेली की जंतू वाढतो, आणि थोडं औषध असताना वाढला की त्या औषधाला दाद न देणारा होतो, मग औषधांचा संच (लाइन) बदलावा लागतो, गोळ्या वाढतात आणि पुढचे पर्याय कमी होतात.

विसरली तर? आठवल्याबरोबर घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर राहू द्यायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. दोन एकदम घ्यायच्या नाहीत, आणि हे मुद्दाम सांगा, कारण काल चुकलेली आज भरून काढायची असं पोरं स्वतःच ठरवतात. वेळ अर्धा-एक तास इकडंतिकडं झाली तर घाबरायचं कारण नाही. मी एक पोरगा बघितलाय, दहा वाजून गेले म्हणून गोळी घ्यायचीच नाही असं करायचा, कारण त्याला कुणीतरी "बरोब्बर नऊ" म्हणून दम दिला होता.

चौथं: विचारायचं कसं

"गोळ्या नीट घेतोस ना?" या प्रश्नाला जगातलं प्रत्येक पोरगं "हो" म्हणतं. त्यापेक्षा असं विचारा: "बऱ्याच पोरांच्या अधूनमधून चुकतात, तुझी शेवटची कधी चुकली?" किंवा "परवा शनिवारी रात्री कुठं होतास, गोळी कशी घेतलीस?" एका ठरावीक दिवसाबद्दल विचारलं की आठवून खरं सांगतात. आणि "चार चुकल्या" असं सांगितलं की तुमचा चेहरा बदलता कामा नये. पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच, मग "त्या दिवशी काय झालं होतं?"

गोळ्या मोजायच्या, पण मोजणीवर विसंबायचं नाही. एका आजीने मला फोन केला होता, घर सारवायला काढलं तेव्हा लोखंडी पेटीच्या मागे चाळीसच्या वर गोळ्या सापडल्या, काही उंदरांनी कुरतडलेल्या. दर महिन्याला डबी अगदी बरोबर रिकामी होऊन यायची. पोरगी नववीत होती. आजी तिच्यासमोर उभी राहायची, पोरगी गोळी गालात ठेवायची आणि आत जाऊन टाकायची. तिला ओरडून काही झालं नसतं. तीन भेटींनंतर ती बोलली की गोळीनं वजन वाढतंय आणि वर्गातल्या मुली चिडवतात. डोल्युटेग्रॅविरने काहींचं वजन वाढतं हे खरं आहे, डॉक्टरांशी बोलणं झालं, खाण्याचं बघितलं, आणि मुख्य म्हणजे ती बोलली.

पाचवं: चुकण्यामागची कारणं आणि त्यावरचे उपाय

*डबीचा आवाज.* मोठ्यांच्या हे डोक्यातच येत नाही. प्लास्टिकच्या डबीत तीस गोळ्या खुळखुळतात, दप्तरात असल्या तर अख्खा वर्ग विचारतो काय आहे. मला हे एका पोरीनेच शिकवलं, तिने डबीत कापूस कोंबला होता आणि वरचं लेबल नखाने खरवडून काढलं होतं, आणि मला दाखवताना डबी कानाजवळ हलवून "बघा ताई, काहीच ऐकू येत नाही" म्हणाली. कापूस कोरडा आणि स्वच्छ असू द्या, ओल धरू नये म्हणून ठेवलेली छोटी पुडी काढू नका, झाकण घट्ट. दोन-चार दिवस बाहेर जायचं असेल तर तेवढ्याच गोळ्या छोट्या कोरड्या डबीत, बाकी मूळ डबीतच.

*वेळ.* आपल्या सोयीने वेळ लावू नका, त्याच्या दिवसात आधीच घट्ट बसलेली गोष्ट शोधा. अलार्म लावतात सगळे, पण मित्रांमध्ये वाजला की बंद करून विसरतात. मोबाईल व्हायब्रेटवर आणि रिमाइंडरचं नाव "चार्जर" किंवा "होमवर्क" असं काहीतरी. वाचता न येणाऱ्या एका आजीने संध्याकाळच्या हरिपाठाशी गोळी बांधली होती, हरिपाठ संपला की तांब्या आणि गोळी, तिच्या नातवाची चार वर्षांत एकदाही चुकली नाही. झोप लागत नाही, विचित्र स्वप्नं पडतात अशी तक्रार असेल तर रात्रीची गोळी सकाळी हलवता येते, ते डॉक्टरांना विचारून करा.

*उपवास आणि रिकामं पोट.* "उपाशीपोटी गोळी नको" म्हणून एकादशीला, नवरात्रात गोळ्या सुटतात, आणि घरात खायला नसेल त्या दिवशी पण सुटतात, फक्त ते कुणी सांगत नाही. टीएलडी जेवून घेतली काय आणि न जेवता घेतली काय, चालते. पाण्याबरोबर घ्या आणि उपवास करा. खायला नसण्याचं मात्र नीट बघा, पैशांच्या सोयीबद्दल पुढे बोलते.

*ऊसतोड.* दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव (उस्मानाबाद)कडची कुटुंबं कारखान्यावर जातात ती उन्हाळा लागेपर्यंत येत नाहीत. लेकरू एक तर आजीकडे राहतं किंवा कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) जातं. जायच्या पंधरा दिवस आधी सेंटरवर सांगा. व्हायरल लोड चांगला असेल तर एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, नाहीतर कारखान्याजवळच्या सेंटरवरून घ्यायची सोय लावून घेता येते. हिरवं पुस्तक बरोबर पाहिजेच. आणि मुकादमाला कळायची भीती असते, तेव्हा डबी कुणाकडे राहणार हे निघायच्या आधीच ठरवा.

*वसतिगृह.* खोलीत आठ मुलं, कुलूप असलेली पेटी एक पण नाही. वॉर्डन असाल तर त्या एका मुलाला नाही, सगळ्यांना छोटं कुलूप लावायचा कप्पा द्या. आणि रात्री गोळी घ्यायला त्याला तुमच्या ऑफिसात बोलावू नका, तिसऱ्या दिवशी मुलं विचारतात.

*कंटाळा.* हे सगळ्यात अवघड. जन्मल्यापासून रोज, अंगात काही दुखत नाही, आणि कधी संपणार याला उत्तर नाही. "मी एक महिना सोडून बघितलं ताई, काहीच झालं नाही." यावर भीती घालू नका. त्याला म्हणा की खरंय, कंटाळा येणारच, मला पण आला असता. मग व्हायरल लोडचा कागद समोर ठेवा, न दिसणारी गोष्ट तिथं दिसते.

*प्रेम आणि लग्न.* सोळा-सतराच्या वयात पोरं गोळ्या सोडतात त्यामागे कितीदा तरी हे असतं: आपल्याशी कोण लग्न करणार, मग कशाला घ्यायच्या. इथं तुम्ही लाजलात तर ते कुठूनतरी चुकीचं शिकतील. स्पष्ट सांगा की व्हायरल लोड सतत सापडत नाही इतका खाली असला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही, पॉझिटिव्ह माणसं लग्न करतात, त्यांना निगेटिव्ह मुलं होतात, कंडोम बाकी आजार आणि नको असलेल्या गरोदरपणासाठी लागतोच. ही माहिती मिळाल्यावर गोळी परत सुरू केलेली पोरं मी बघितलीत. आणि बोलताबोलता कुणी जबरदस्ती केल्याचं कळलं तर ते पोटात ठेवायचं नाही, अठराच्या आतल्या मुलांबाबत पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्याच दिवशी वरिष्ठांना गाठा.

सहावं: दुसऱ्या गोळ्यांची भानगड

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, दहा ते एकोणीस वयाला. डोल्युटेग्रॅविर आणि लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीची गोळी-पातळ औषध पोटात एकत्र आले की डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही. शाळेत दुपारी निळी गोळी आणि घरी रात्री नऊला टीएलडी असेल तर काही अडचण नाही. पण घरी रोजची लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर टीएलडी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह-कॅल्शियम टीएलडीसोबतच घ्यायचं असेल तर भरल्या पोटी, जेवणाबरोबर. ॲसिडिटीच्या औषधाला ही सूट नाही. निळी गोळी टाळायला मात्र सांगू नका, आपल्या पोरींना रक्त लागतं.

टीबी झाला तर त्यावरच्या रिफॅम्पिसिन औषधामुळे डोल्युटेग्रॅविरची पातळी उतरते, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्रॅविर ५० ची एक जास्तीची गोळी देतात. ही दुसरी गोळीच पोरं विसरतात, तिच्यासाठी वेगळी आठवण लावा. खोकला, ताप, रात्री घाम, वजन कमी होणं यातलं काहीही दिसलं की ड्यू डेटची वाट बघायची नाही.

सातवं: व्हायरल लोडचा कागद आल्यावर

१००० च्या वर आला की आपल्याकडे स्टेप-अप काउन्सेलिंग (गोळ्या का चुकतात यावरचं जास्तीचं बोलणं) सुरू होतं, दर महिन्याला बोलावतात, गोळ्या नीट चालल्यात असं दिसलं की पुन्हा तपासणी, आणि तरीही वरच असेल तर औषध बदलायचा विचार. पोरासाठी हा निकाल लागल्यासारखा दिवस असतो. आत्या-मामी तिथंच "बघा, सांगत होते" सुरू करतात, त्यांना आधीच बाहेर चहा प्यायला पाठवा. खाली आला असेल तर तो कागद पोराच्या हातात द्या, मोठ्यांच्या नाही, आणि त्यालाच आकडा वाचू द्या.

आठवं: एकटं ठेवू नका

आपण कितीही सांगितलं तरी सोळा वर्षांच्याला अठरा-वीस वर्षांचा पॉझिटिव्ह दादा जे सांगतो ते वेगळंच पोचतं. झिम्बाब्वेमध्ये झ्वांदिरी म्हणून कार्यक्रम आहे, तिथं पॉझिटिव्ह तरुण पोरांनाच ट्रेनिंग देऊन घरोघरी पाठवतात. तिथल्या ग्रामीण भागात तेरा ते एकोणीस वयाच्या मुलांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. ९६ आठवड्यांनंतर उपचार फसलेले किंवा दगावलेले मिळून नेहमीच्या पद्धतीत ३६ टक्के होते, झ्वांदिरीत २५. एवढा फरक फक्त सोबतीने. आपल्याकडे पंढरपूरची पालवी, नगरचं स्नेहालय, पुण्याजवळचं मानव्य अशा ठिकाणी पोरं एकत्र वाढतात, पण घरी राहणाऱ्या पोराला असं कुणी भेटत नाही. सेंटरवर मुलांचा एक वेगळा दिवस ठेवता येतो का ते विचारा, शनिवार बरा. व्हॉट्सॲप ग्रुप मात्र काढू नका, एकाचा मोबाईल दुसऱ्याच्या हातात गेला की सगळ्यांची नावं उघडी पडतात.

नववं: पैसे आणि कागद

सेंटरवर जायचं म्हणजे शाळा बुडते, आजीची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं. बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. संजय गांधी निराधारमध्ये पण एचआयव्हीग्रस्त बसतात. पण एक लक्षात ठेवा, गावातल्या तलाठ्याकडे किंवा सेवा केंद्रावर कागद दिला की आजाराचं नाव तिथं वाचलं जातं. म्हणून कागद कुठं आणि कुणाकडे द्यायचा हे घरच्यांशी बोलून ठरवा, जमलं तर तालुक्याला तुम्ही सोबत जा. कितीतरी घरं केवळ या भीतीने पैशावर पाणी सोडतात.

दहावं: जबाबदारी पोराकडे सरकवणं

हे एका दिवसात करू नका. बाराला डबी तो उघडतो, तुम्ही बघता. चौदाला तो घेतो आणि तुम्हाला सांगतो. सोळाला ड्यू डेट त्याच्या मोबाईलमध्ये, सेंटरवर डॉक्टरांशी तो बोलतो, तुम्ही बाकावर. मध्ये घसरला तर एक पायरी मागे या, दोन महिन्यांनी परत पुढे, आणि मागे येणं ही शिक्षा आहे असं वाटू देऊ नका.

तो "जगून काय करू" असं काही बोलला, किंवा एकदम गप्प झाला, वस्तू वाटायला लागला, तर गोळ्यांचा विषय बाजूला ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७, दोन्ही फुकट आहेत. पोराच्या मोबाईलमध्ये दुसऱ्या नावाने सेव्ह करून द्या.

अठराला तो पहिल्यांदा एकटा सेंटरवर जाणार असेल तेव्हा आदल्या दिवशी काउन्सेलर मॅडमना फोन करा, कुठल्या खिडकीवर आधी जायचं, कुणाला भेटायचं ते त्याला सांगून ठेवा, आणि हिरवं पुस्तक त्याच्या बॅगेत आहे का ते निघताना बघा.